अब्बांच्या नंबरवरून

तासगाव, ६ एप्रिल

शाझिया,

सलाम. हे पत्र खरोखर मीच लिहितेय, तुझी सबाआपा. अक्षर नीट बघ. ओळ शेवटी वर चढत जाते म्हणून तू मला शाळेत चिडवायचीस, ती अजून तशीच चढते. सख्ख्या बहिणीला अक्षराची साक्ष द्यावी लागतेय, यावरून इकडे काय चाललंय त्याचा अंदाज कर.

आधी कामाचं. आपल्या घरातल्या कुठल्याही नंबरवरून तुला काहीही आलं तरी उघडू नकोस. फोनवर कसला कोड आला तर कुणाला सांगू नकोस. अब्बांनी मागितला तरी नाही. बँकेत स्वतः जाऊन ये. हे सगळं तूच अम्माला शिकवायचीस आणि अम्मा म्हणायची, आली मोठी इन्स्पेक्टर. आता मी तुला शिकवतेय.

झालं ते असं. शेडवरची रीत तुला ठाऊक आहे. द्राक्षं जाळीवर सुकायला पडली की सगळ्यांचे डोळे आभाळाकडे आणि कान नानासोंकडे. नानासोंची शेड माळावर उंच, त्यांना ढग आधी दिसतो. पूर्वी ते थाळी वाजवायचे, आता ग्रुपवर टाकतात. नानासो 'पडदे सोडा' म्हणाले की सोडायचे. कशाला म्हणून विचारायचं नाही, कारण विचारत बसणाऱ्याचा बेदाणा भिजतो आणि काळा पडतो. तर शुक्रवारी नानासोंच्या नंबरवरून एक फाईल आली. वर काळ्या ढगाचं चित्र, खाली लिहिलेलं, 'अवकाळी पाऊस थेट इशारा, लगेच उघडा.' सगळ्यांनी उघडली. दुसऱ्या गावची माणसं लॉटरीला भुलून फसतात, आमची ढगाला भिऊन फसली. अब्बांना फोननं जे जे विचारलं त्याला त्यांनी हो म्हटलं. एरवी घरात कुणी काही विचारलं तर पहिला शब्द 'नाही' असतो.

पाऊस आला नाही. फोन मात्र तापला. नानासो म्हणतात, "आवं, म्या न्हाई धाडली, मलाबी दुसऱ्याकडनंच आली हुती." मग एकेकाच्या फोनमधून ती आपोआप सगळ्या नंबरांना जायला लागली. अब्बांच्या फोनमधून तुलाही गेली. अब्बांनी तुझा नंबर काढून टाकलाय असं आम्ही चार वर्षं समजत होतो. तो काढलेला नव्हता.

त्यानंतर तुझं आणि अब्बांच्या नंबरचं जे बोलणं झालं, ते मी वाचलं. रागावू नकोस. फोन नीट करायला म्हणून हातात घेतला, आणि माझ्या डोळ्यांदेखत तुझा मेसेज आला, 'कोड आलाय. पाठवू का?' मी घाबरून फोन बंद केला आणि सिम काढलं. तू तो पाठवलास की नाही मला माहीत नाही. तेव्हापासून तुझा नंबर बंद लागतोय. नानासोंच्या सुनेच्या फोनवरूनही लावून पाहिला.

त्या बोलण्यातल्या बाकीच्या गोष्टींबद्दल आत्ता काही लिहीत नाही. अब्बा बरे आहेत. शेड भरलेली आहे. पत्ता मागच्या हिवाळ्यात तू अम्माला शाल पाठवलीस त्या पार्सलवरचा घालतेय. साताऱ्यातली ती गोडोलीतली खोली बदलली नसलीस म्हणजे मिळवली.

कोडचं विसरू नकोस.

सबाआपा


तासगाव, ८ एप्रिल

शाझू,

पहिलं पत्र पोचलं की वाटेतच आहे, कोण जाणे. मला धीर धरवत नाही. मी फार घाबरलेय. हे मी अम्माला सांगू शकत नाही, कारण ती माझ्याकडे बघून धीर धरतेय.

काल दुपारी अम्मा लसूण सोलत बसली होती. तिच्या बटणांच्या फोनवर अनोळखी नंबरवरून फोन आला. तिनं कानाला लावला आणि तिच्या हातातला पाकळ्यांचा वाडगा खाली पडला. मी फोन घेतला. तू रडत होतीस. 'अम्मा, मी शाझिया बोलतेय, मला पकडून ठेवलंय, अब्बांना फोन द्या.' तुझाच आवाज, शाझू. बोलताना मध्येच श्वास ओढायची तुझी सवयसुद्धा.

मी आठवड्यापूर्वीच टीव्हीवर पाहिलं होतं की आता माणसाचा आवाज मशीनवर बनवतात. तेव्हा साळूबाई शेडवर म्हणाली, "आता आवाजबी डुप्लिकेट निगाय लागला, म्हंजे तोंडात फक्त दात तेवढं आपलं ऱ्हायलं. त्येबी माझं न्हाईत." आम्ही खूप हसलो होतो. काल मला त्यातलं काही आठवेना. फक्त एक गोष्ट खटकली. तो आवाज मराठीत बोलत होता. आपण घरात आपली दखनी बोलतो. लिहायला आपल्याला मराठीच येतं म्हणून मी घरातलंही सगळं मराठीत लिहितेय, ते सोड. पण तू अम्माशी जन्मात कधी मराठीत बोललीस? मला वाटलं, ही शाझिया नाही. आणि लगेच वाटलं, पकडून ठेवणाऱ्यांनी मराठीत बोल म्हणून दम दिला असेल तर?

मग म्हटलं, फक्त तुलाच ठाऊक असेल असं काहीतरी विचारावं. आणि शाझू, मला प्रश्नच सुचेना. तुझ्या खोलीला खिडकी कुठल्या बाजूला आहे, तू जेवतेस कुठे, तुझी मैत्रीण कोण, तुला रात्रीची झोप लागते का, यातलं काही मलाच माहीत नाही. मला माहीत नसलेलं विचारून उत्तर खरं की खोटं कसं ठरवणार? शेवटी लहानपणचं विचारलं, 'अम्माचा तांब्या विहिरीत कुणी टाकला?' आवाज म्हणाला, 'आपा, प्लीज.' तू मला प्लीज कधी म्हणाली नाहीस. मी फोन कापला.

तुझा आवाज मी माझ्या हातानं कापला. ती तू नव्हतीस, हे मी स्वतःला सांगत राहते. पण असलीस तर? अम्मानं तो फोन तांदळाच्या डब्यात घालून वर झाकण लावलंय. चोराला बाहेर येता येऊ नये म्हणून असेल. त्याच्यावरही मला हसू येत नाही. आपला मामेभाऊ फारूक तुझ्या साताऱ्याजवळ, कोरेगावातच असतो. त्याला पीसीओवरून, म्हणजे आता एकच उरलाय स्टँडजवळ, फोन करून तुझ्या खोलीवर जायला सांगितलंय.

आता मागच्या पत्रात जे लिहिलं नाही ते लिहिते. न लिहून चालणार नाही, कारण तू अजून त्या नंबरवर भरवसा ठेवून असलीस तर घात होईल.

'बेटा कशी आहेस' असं अब्बांनी लिहिलेलं नाही. अब्बांना 'बेटा' टाईप करायला अर्धी सकाळ लागेल, ते ग्रुपवरसुद्धा बोलूनच पाठवतात. तू एवढी हुशार, तुला शंका कशी आली नाही? तू लिहिलंस, 'अब्बा? खरंच तुम्ही?' मग तू लिहिलंस की तुला वाटायचं, ते तुला विसरले. तू लिहिलंस की तू अजून रोज सकाळी उठल्यावर पहिल्यांदा तासगावचं हवामान बघतेस. त्यावर उत्तर गेलं, 'माझं चुकलं बेटा. मला माफ कर. घरी ये.' आणि त्याच्याखाली, 'आधी तुला एक कोड येईल तो पाठव.'

ते सगळं चोराचं आहे. माफीसुद्धा. अब्बांना यातलं काहीच माहीत नाही, मी त्यांना सांगितलेलं नाही. तुला हे कळल्यावर काय वाटेल ते मला समजतंय. म्हणूनच पहिल्या पत्रात माझा हात पुढे सरकला नाही.

सबाआपा


तासगाव, ११ एप्रिल

शाझू,

काल अब्बांचा फोन घेऊन सांगलीला सायबर पोलिसांकडे गेले. तिथला माणूस तरुण, शांत. आमच्या ग्रुपमधली अर्धी माणसं त्याच्याकडे आधीच येऊन गेली होती. बँकेचं तो म्हणाला ते सगळं करून टाकलं. मग मी आवाजाचं सांगितलं. तो म्हणाला, "असं होऊ शकतं. थोडं रेकॉर्डिंग मिळालं तरी पुरतं. तुमच्या बहिणीचा आवाज या फोनमध्ये आहे का?"

मी म्हटलं, शक्यच नाही. आमचे वडील तिच्याशी चार वर्षं बोललेले नाहीत.

त्यानं फोन कुठल्यातरी मशीनला लावला, थोडी खाटखूट केली आणि माझ्यासमोर धरला. शाझू, त्यात तूच तू होतीस. तू कॉलेजला असताना रोज सकाळी शेडसाठी बोलून पाठवायचीस ना, ती सगळी रेकॉर्डिंगं. 'अब्बा, आज दुपारनंतर ढग आहेत, पडदे तयार ठेवा.' 'अब्बा, आज वारा आहे, जाळ्या उघड्या ठेवल्या तरी चालतील.' शेडवरच्या बायकांनी पण ऐकावं म्हणून तू ते मराठीत बोलायचीस. तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला, की तो फोनवरचा आवाज अम्माशी मराठीत का बोलत होता. चोराला तुझी मराठीच मिळाली होती.

फोन मध्ये एकदा बदलला आहे, शाझू. जुन्या फोनमधून कुणाकडून तरी काढून घेऊन अब्बांनी ती या फोनमध्ये ठेवली असणार. दुकानवाल्याला विनवण्या करताना अब्बा कसे दिसले असतील ते मी डोळ्यांसमोर आणून बघितलं. मला त्या कचेरीत रडू आलं. तो बिचारा पाण्याची बाटली शोधायला लागला.

परत येऊन साळूबाईला विचारलं, अब्बा शेडवर फोन कानाला लावून काय ऐकतात गं? ती म्हणाली, "व्हय की, ऐकत्यात. पडद्याच्या मागं बसून. आमाला वाटायचं भजन न्हाईतर तुमचं कायतरी कुराणाचं आसंल, म्हनून कवा इचारलं न्हाई."

तुझ्यावर ते का चिडले होते ते तुला माहीत आहे. चार वर्षांपूर्वी त्या ईदला तू म्हणालीस, अब्बा, हवा बदललीय, दरवर्षी आता असंच होणार, शेडचं काहीतरी वेगळं बघायला हवं. आणि आठ दिवसांत गारा पडल्या आणि सगळा माल काळा झाला. माणूस आभाळाशी भांडू शकत नाही, म्हणून ते तुझ्याशी भांडले. तुझ्या जिभेनंच पाऊस आणला म्हणाले आणि तुला घराबाहेर काढलं. आता तेच हवा बदलल्याचं टीव्हीवाला रोज संध्याकाळी सांगतो. त्याला कुणी घराबाहेर काढत नाही, उलट अब्बा आवाज मोठा करून ऐकतात.

फारूक काल तुझ्या खोलीवर जाऊन आला. तू कामावर गेली होतीस. तुझ्या घरमालकीण बाई दारातच उभ्या राहिल्या. त्यांनी सांगितलं की तू सुखरूप आहेस, कोड पाठवला नव्हतास, जुनं सिम बंद केलंस. हे ऐकून मी चूलखोलीत जाऊन जमिनीवर बसले. अम्मानं सजदा केला.

पण त्या बाईंनी पुढचं सांगितलं ते ऐकून पुन्हा भीती बसली. तुलाही फोन आला होता, अब्बांच्या आवाजात. ते रडत होते म्हणे. चोरानं ग्रुपवरचं अब्बांचं बोलणं उचललं असणार. त्यानंतर तू कुणाशीच बोलत नाहीस. फारूक म्हणाला, मी तिचा भाऊ आहे. बाई म्हणाल्या, पुरावा काय? या शहाण्यानं फोन काढून आपला फोटो दाखवायला घेतला. बाई म्हणाल्या, "फोनमधलं काही दाखवू नका. तिनं मला सांगून ठेवलंय, घरून कुणी आलं तर खरं समजू नका. माझ्या घरचं कुणी येणार नाही."

माझ्या घरचं कुणी येणार नाही. हे वाक्य मला चोराच्या फोनपेक्षा जास्त घाबरवून गेलं. चोरानं आपलं फारसं काही नेलं नाही, शाझू. पण आता मी काय पाठवलं तर तू विश्वास ठेवशील, तेच मला कळत नाही. ही पत्रं तरी तू उघडतेस का?

आज अब्बांना सगळं सांगणार आहे. मला त्यांची भीती वाटतेय. तुझ्यासारखं मला तोंड वर करून बोलता येत नाही.

सबाआपा


तासगाव, १३ एप्रिल, सकाळ

शाझू,

हे पत्र पोस्टानं येत नाहीये. अब्बांच्या सदऱ्याच्या खिशातून येतंय. ते अंघोळीला गेलेत तेवढ्यात लिहितेय, म्हणून ओळी आणखीच चढतील.

परवा मला धीर झाला नाही. काल शेडवर साळूबाई आणि बाकीच्या बायका जेवायला बसल्यावर मी अब्बांना बाजूला घेतलं. सगळं सांगितलं. मला वाटलं ओरडतील. ओरडले नाहीत. म्हणाले, "तिनं काय लिवलंय त्ये वाच." शेडवर ते मराठीतच बोलतात, ते तुला माहीत आहे. मी मेसेज कागदावर उतरवून आणले होते, ते वाचले. तू रोज सकाळी तासगावचं हवामान बघतेस, इथं त्यांनी मला थांबवलं.

"अजून बघती?"

मी म्हटलं, हो, असं लिहिलंय.

"आन मला चार वर्सं नानासोच सांगतोय," म्हणाले, आणि जाळीवरचा एक घोस उगीच उलटापालटा करत राहिले. मग म्हणाले, "फुडचं वाच. माझ्या नावानं काय धाडलंय?"

मी वाचलं. माझं चुकलं बेटा, मला माफ कर, घरी ये. मी म्हटलं, अब्बा, हे तुम्ही नाही, चोरानं लिहिलंय, हे मी तिला कळवून टाकलंय.

अब्बांनी तो घोस जाळीवर नीट ठेवला. नंतर म्हणाले, "चोरानं लिवलं. पर चोराला जे दोन दिसांत जमलं त्ये मला चार वर्सांत जमलं न्हाई. तिला सांग, त्ये तेवढं खरं धरायचं. कोडचं सोडून."

मी म्हटलं, मी सांगून काय उपयोग, ती आता कुणाचंच ऐकत नाही. तर म्हणाले, मग मीच जातो.

आणि त्याच वेळी, आमचं नशीब बघ, माळावरून फटफटीचा आवाज आला. नानासो. त्या फाईलपासून बिचाऱ्यांनी ग्रुपवर काही टाकलं तर कुणी उघडतच नाही. परवा त्यांनी खरोखर आभाळ बघून पडदे सोडा टाकलं तर दोघांनी त्यांनाच ग्रुपमधून काढलं. म्हणून आता या वयात गाडीवर बसून प्रत्येक शेडवर जातात. दारात येऊन ओरडले, "इलाहीभाई, म्या सोता आलोय, हे बगा माझं तोंड! आता तरी इस्वास ठेवा. उद्याच्याला पाऊस हाय. दक्षिणंकडनं लय काळं आलंय."

अब्बांनी त्यांच्या तोंडाकडे बघितलं आणि माझ्याकडे वळून म्हणाले, "बग. आसं जायला लागतंय."

मी म्हटलं, अब्बा, पण उद्या पाऊस आहे. जाळ्या भरलेल्या आहेत, आणि हा शेवटचा माल. म्हणाले, "पडदं तू सोड. तुला येत्यात. पाऊस दर साली येनार हाय, पोरगीच म्हनाली हुती. मी तिच्याकडं कवा जानार?"

तू म्हणाली होतीस ते त्यांनी मान्य केलं, शाझू. आणि ते बोलून ते हात धुवायला निघून गेले, जसं काही झालंच नाही.

तर ते आता विट्यामार्गे कराड आणि तिथून सातारा असे एसटीनं येतायत. फोन घरी ठेवलाय. मीच ठेवायला लावला. वाटेत काही झालं तर मला कळणार नाही. इकडे वारा उठलाय. साळूबाई पडद्यांच्या दोऱ्या सोडवत हाका मारतेय. आभाळ नानासो म्हणाले तसंच काळं आहे. एवढ्या मालाचं काय होईल, अब्बा नीट पोचतील का, पोचल्यावर तू दार उघडशील का, मला सगळ्याचीच भीती वाटतेय.

अब्बा दारात उभे राहतील. ते फार बोलणार नाहीत, त्यांना येत नाही. आवाज ऐकून ठरवू नकोस, तो आता कुणाचाही असू शकतो. त्यांचे हात हातात घे. द्राक्षं बुडवायच्या तेलानं बोटांची कातडी सोलून निघालीय आणि वास कितीही धुतला तरी जात नाही. लहानपणी त्या हातांनी घास भरवला की तू तोंड फिरवायचीस. तो वास चोराला बनवता येत नाही.

आणि ते पोचले की कळवायला फोन करू नकोस. तुझा आवाज फोनवर आला तर मी पुन्हा कापेन. त्यांच्याबरोबर एसटीत बस आणि ये. माल काळा पडलेला असेल किंवा हिरवा राहिलेला असेल, मी शेडवरच असेन. पडद्याबाहेर उभी राहून आपल्या बोलीत मला हाक मार.

सबाआपा